शिंपीआबांचं देणं

माझ्या अंगावर वयाच्या सहाव्या वर्षापासून पुढे कितीतरी वर्षं जे काही चढलं, ते एकाच माणसाच्या हातचं होतं. झगे, परकर-पोलकी, शाळेचा गणवेश, नोकरीला लागल्यावरचे ब्लाऊज, हातमोजे. एकदा तर त्यांनी माझ्या छत्रीलाही आतून काळं अस्तर लावून दिलं होतं. गावात त्यांना सगळे शिंपीआबा म्हणायचे. आज साठी ओलांडूनही मी धडधाकट आहे, याचं श्रेय मिरजेच्या डॉक्टरांच्याही आधी आबांना आहे. हे ऋण फिटणारं नाही. पण ते नेमकं काय होतं, हे लिहून ठेवायला हवं, कारण त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराच्या कामी येईल असं पुष्कळ आहे.

माझा जन्म १९६१ सालचा, आटपाडीच्या बाजूच्या एका गावातला. जन्मले तीच पांढरे केस, पांढऱ्या भुवया आणि पांढरीफटक कातडी घेऊन. आईवडील मामे-आतेभावंडं. आमच्याकडे ही सोयरीक चांगली समजतात, त्यामुळे माझ्या रंगाचा त्या नात्याशी काही धागा असेल, हे कुणाच्या मनात आलंच नाही. आईनं ग्रहण पाळलं नसेल, असं म्हणून लोक मोकळे झाले. कुणी कोड म्हणालं. पण कोड वेगळं. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशीच जागोजाग मरतात आणि चट्टे पडतात. माझ्या कातडीत त्या पेशी जागच्या जागी आहेत, पण टायरोसिनेज नावाचं विकर बिघडल्यामुळे त्यांना रंग घडवता येत नाही. याला आल्बिनिझम म्हणतात. बिघडलेला जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. दोघांकडे तो एकेक असेल, तर प्रत्येक बाळंतपणात असं मूल होण्याची शक्यता चारांत एक. माझे दोन्ही भाऊ चांगले सावळे आहेत. हा हिशेब आईला समजला, तोवर तिची निम्मी हयात लोकांचं ऐकून घेण्यात गेली होती.

कातडीबरोबर डोळेही अधू. बुबुळं सारखी हलायची, फळ्यावरचं काही दिसायचं नाही आणि उजेड तर सोसायचाच नाही. त्यामुळे मी लहानपणापासून मान खाली घालून चालायची. सगळ्यांना वाटायचं, पोर लाजाळू आहे. खाली घातलेल्या त्या मानेवर मागून ऊन पडत होतं, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

आणि ऊन म्हणजे माणदेशातलं. पाऊस बेताचा, झाडं त्याहून बेताची. आई खुरपायला जाताना मला बाभळीखाली बसवायची. बाभळीची सावली ती केवढी! पानापानांतून ऊन गळतच असायचं. संध्याकाळी घरी आलं की हात, नाक, कानाच्या पाळ्या लाल होऊन पाण्यानं भरलेले फोड यायचे. आजी त्यावर लोणी लावायची. फोड फुटायचे, सालपटं निघायची आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

आबांचं दुकान चावडीच्या शेजारी होतं. पत्र्याचं छप्पर, पायमशीन, मागं विठोबाचा फोटो. आषाढीला मशीन झाकून आबा वारीला जायचे तेवढेच दिवस दुकान बंद. मी शाळेत जायची त्या वर्षी आई बाजारातून फुलाफुलांचं पातळ वायल घेऊन मला तिथं घेऊन गेली. आबांनी कापड हातात घ्यायच्या आधी माझे हात घेतले. फोडांवरून नजर फिरवली आणि कापड आईकडे परत सरकवलं.

“ह्ये न्हाई चालायचं. ह्येच्यातनं ऊन आरपार जातंय. ही पोर कापडाच्या आत असून बी उघडीच ऱ्हाईल.”

मग त्यांनी फळीवरून कोऱ्या मांजरपाटाचा तागा काढला. आईचा चेहरा उतरला असणार, कारण असलं जाडंभरडं कापड लेकीच्या झग्याला कोण घेतं? आबांनी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतलं. सुती कापड पहिल्या पाण्यात आकसतं, हे प्रत्येक शिंप्याला ठाऊक असतं. कपडा नंतर आखूड होऊ नये म्हणून ते तसं करतात. आबांचा विचार आणखी पुढचा होता. आकसलं की वीण आवळते, मधली भोकं बुजतात. झगा त्यांनी ऐसपैस शिवला, कारण अंगावर ताणलेलं कापड पुन्हा विरळ होतं. बाह्या मनगटाच्या खाली बोटांच्या पेरांपर्यंत आणल्या. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचून घेतलं, तेव्हा आबांचं शास्त्र किती पक्कं होतं ते कळलं. पांढऱ्या, धुवट, पातळ सुती कापडातून उन्हातल्या अतिनील किरणांचा सहावा-सातवा हिस्सा सरळ आत येतो, आणि तेच कापड घामानं भिजलं तर त्याहून जास्त. कोऱ्या कापडात कापसाचे जे मूळचे रंग आणि द्रव्यं असतात, ती काही किरण शोषून घेतात. धुवट करताना तीच निघून जातात. गडद रंग फिक्या रंगापेक्षा जास्त अडवतो. आज कपड्यांवर यूपीएफ ५० असं छापून येतं, म्हणजे पन्नासातला एकच हिस्सा आत येतो. ते मोजायला यंत्र लागतं. आबा कापड उन्हात धरून खाली आपला तळहात ठेवायचे.

शाळेत गणवेशावरून अडलं. पांढरं अर्ध्या बाह्यांचं पोलकं आणि निळा परकर असा नियम होता. आबांनी मला पूर्ण बाह्यांचं, आतून निळं अस्तर लावलेलं पोलकं शिवून दिलं होतं, त्यामुळे ते बाहेरूनही निळसर दिसायचं. हेडमास्तरांनी मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आबा दुकान उघडं टाकून शाळेत आले. हातात कापडाचे दोन तुकडे. त्यांनी हेडमास्तरांना व्हरांड्याच्या कडेला बोलावलं, नम्रपणे म्हणाले, “गुर्जी, जरा हात म्होरं करा.” पहिला तुकडा शाळेच्या गणवेशाचा. मास्तरांच्या तळहातावर उजेडाचे बारीक बारीक ठिपके उमटले, सगळ्या हातभर. दुसरा तुकडा अस्तर लावलेला. हातावर नुसती सावली. मास्तर कितीतरी वेळ हात उलटासुलटा करत उभे राहिले. तेव्हापासून मला निळसर पोलकं चालू लागलं, प्रार्थनेला मी व्हरांड्यात उभी राहू लागले आणि कवायतीच्या तासाला वर्गात बसू लागले. शाळेत टिकले ती यामुळे. आबा शिलाईचे पैसे घ्यायचे, त्यात कधी सवलत दिली नाही. अस्तराचे मात्र त्यांनी आयुष्यात कधी लावले नाहीत. आई विचारायची, तर म्हणायचे, “त्ये माझ्याकडनं.”

मॅट्रिक झाले. अपंगांसाठी राखीव जागेतून सांगलीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. खोलीतलं काम, कानाचं काम. माझ्यासारखीला याहून चांगलं काय मिळणार? सांगलीत शिंपी पुष्कळ होते. तरी मी ब्लाऊज शिवायला गावीच जायची.

१९९३ सालच्या पावसाळ्यात अशीच गेले होते. आबा तोवर सत्तरीला टेकलेले. जाड भिंगांचा चष्मा, सुईत दोरा ओवायला नातू. पण माप ते स्वतःच घ्यायचे. पाठीची उंची घेताना टेपचं टोक मानेच्या खालच्या मणक्यावर अंगठ्यानं दाबून धरतात. अंगठा तिथं टेकला आणि टेप खाली सोडायचं आबा विसरलेच. अंगठा थोडा वर सरकला, केसांच्या कडेपर्यंत गेला, परत आला.

“हितं काय झालंया गं?”

“खपली आहे आबा. ब्लाऊज घासतो.”

“ब्लाऊज म्या शिवलाय. त्यो हितं घासत न्हाई.”

आबांना आपल्या हातचा गळा कुठवर येतो हे माहीत होतं. खपली त्याच्या दोन बोटं वर होती. त्यांनी मापाची वही काढली, पानं उलटली. “संक्रांतीला आलतीस, तवा बी तू हितं हात लावू दिला न्हाईस. म्हणालीस, हुळहुळतंय.” तालुक्याच्या एका दवाखान्यातून मी मधे मलम आणलं होतं, तेही त्यांना सांगितलं. आबांनी टेप गुंडाळून मशीनवर ठेवला.

“संक्रांतीपास्नं आत्तापत्तूर जी बरी व्हत न्हाई, ती साधी जखम न्हवं. तिच्याभवती कातडं टणक लागतंय बोटाला. आधी मिरजंला जाऊन ये. मग कापड कापतो.”

मला ती जखम दिसणं शक्यच नव्हतं. मानेचा मागचा भाग कुणालाच दिसत नाही, आणि मला तर आरशात स्वतःचं नाकही नीट दिसत नाही.

वानलेस डॉक्टरसाहेबांनी मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून आमच्याकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेला जातात. मीही गेले. डॉक्टरबाईंनी भिंगातून जखम पाहिली, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी आहेत का ते चाचपलं आणि मग माझे कान, कपाळ, हातांच्या मागच्या बाजू बोटांनी तपासल्या. डोळे मिटून तपासत होत्या म्हटलं तरी चालेल. ऊन लागून कातडी बिघडायला लागली की आधी ती खरखरीत होते. ते डोळ्यांना उशिरा दिसतं, बोटांना लवकर लागतं. असे डाग माझ्या कपाळावर आणि हातांवर बरेच होते. त्यांतल्या काहींचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. ते बाईंनी द्रव नायट्रोजननं गोठवून काढले. मानेवरच्या जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं, स्क्वेमस सेल कार्सिनोमा. कातडीचा कॅन्सर. लहान होता, गाठींपर्यंत पोचला नव्हता. जागेवर भूल देऊन, भोवतीच्या चांगल्या कातडीची कड धरून त्यांनी तो कापून काढला. मी बसने घरी आले.

टाके काढायच्या दिवशी आबा माझ्याबरोबर आले. डॉक्टरबाईंनीच निरोप धाडला होता, की हे ज्यांनी ओळखलं त्यांना मला भेटायचंय. आबा टोपी हातात धरून खुर्चीच्या कडेवर बसले. बाईंनी त्यांना वेळ काढून समजावून सांगितलं. आपल्या कातडीच्या पेशीत रंगाचे कण नुसते पसरलेले नसतात. ते पेशीच्या केंद्रकावर, उन्हाच्या बाजूनं, छत्रीसारखे जमून बसतात आणि आतल्या डीएनएची राखण करतात. हिच्या पेशींना ती छत्री नाही. अतिनील किरण थेट डीएनएवर पडतात, तो जागोजाग बिघडतो, पेशी दुरुस्त करत राहते, आणि वर्षानुवर्षांत एखादी दुरुस्ती चुकते. आदल्याच वर्षी, १९९२ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सूर्यप्रकाशाला कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात टाकलं होतं, तेही सांगितलं. तुम्ही शिवलेल्या कपड्यांनी हिचं सगळं अंग वाचलंय, बाई म्हणाल्या, जिथं कपडा नव्हता तिथंच हे झालंय.

आबांनी पिशवीतून नवा ब्लाऊज काढून बाईंपुढे ठेवला. मागचा गळा पार केसांपर्यंत चढवून त्याला उभी पट्टी लावलेली होती, आतून दुहेरी.

मग बाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोलाची तीच. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकर होते, भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाईंनी एक निबंध छापला. धोतराची गाठ कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं आवळली, की तिथली कातडी काळी पडते, सोलते, जखम होते आणि काहींना त्याच जागी कॅन्सर होतो. परकराच्या नाडीनं बायकांनाही तेच होतं. याला ऊन लागत नाही, गोरी-काळी कातडी लागत नाही. बाई म्हणाल्या, या जागा आम्ही डॉक्टर क्वचितच बघतो, बायका दाखवत नाहीत. तुमच्या घरातल्या बायका मापं घेत असतील, तर त्यांना सांगा.

आबांनी विचारलं ते एवढंच: “नाडी किती रुंद पायजे?”

त्या दिवसापासून आबांच्या दुकानात शिवलेल्या परकराला चार बोटं रुंद पट्टा असायचा. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, की बारीक नाडीच बरी, घट्ट बसते. आबा ऐकायचे नाहीत. सूनबाई बायकांची मापं घ्यायची, तिला त्यांनी बजावलं, कमरेशी काळा वळ, सोललेलं कातडं, जखम दिसली तर सांगायचं, लाजायचं नाही. गावातल्या बायकांना हे आधी विचित्र वाटलं. पण सूनबाई गोड बोलणारी, तिच्यापुढे बायका बोलू लागल्या. मला आबांची हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. माझ्यावर त्यांची माया होती. पण जे माझ्यामुळे कळलं, ते त्यांनी साऱ्या गावाला लावलं.

वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ साली परकराच्या नाडीनं झालेल्या कॅन्सरच्या दोन रुग्णांची हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. वर्तमानपत्रांत ती नवलाची बातमी म्हणून आली. खानोलकरांच्या निबंधाला तेव्हा जवळपास ऐंशी वर्षं होत आली होती! इतक्या वर्षांत हे घरोघरच्या बायकांपर्यंत का गेलं नाही, याचा मला खरोखर राग येतो.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या मानेवर पुन्हा काही झालं नाही. कानावर एकदा झालं, तेव्हा वहिनीच्या बोटांना ते तांदळाच्या दाण्याएवढं असतानाच लागलं आणि लगेच काढलं. वहिनी दर महिन्याला मला उजेडात बसवून तपासते: टाळू, कानांच्या मागं, मान, ओठ, पाठ, पोटऱ्या. आधी बोटांनी, मग डोळ्यांनी. चार आठवड्यांत न भरलेली जखम, पुन्हा पुन्हा येणारी खपली, सहज रक्त येणारा फोड, यातलं काहीही असलं की दवाखाना. कोणता तीळ धोक्याचा याबद्दल न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली एक सोपा नियम सांगितला: दोन बाजू सारख्या नाहीत, कड वेडीवाकडी, रंग एकसारखा नाही, व्यास सहा मिलिमीटरच्या पुढे. नियम चांगला आहे, पण तो रंगावर बेतलेला. आमच्यासारख्यांचा मेलॅनोमा, म्हणजे रंग घडवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, गुलाबी असू शकतो, साध्या पुळीसारखा दिसतो. म्हणून आमच्याकडे नवं आणि वाढतं ते सगळं दाखवायचं, रंग कोणताही असो. आणि सावळ्या माणसांनी निर्धास्त राहू नये. त्यांना उन्हानं होणारा कॅन्सर खूप कमी होतो हे खरं, पण मेलॅनोमा त्यांना बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी गाठतो: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्ले हा गायक १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमानं. जुन्या भाजल्याच्या व्रणावर नवी जखम झाली, तर तीही दाखवावी.

माझ्यासारखी मुलं असलेल्या आया मला फोन करतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो, कुठलं क्रीम लावू? क्रीम लावाच, एसपीएफ ३० च्या वरचं, आणि कंजूषी न करता. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर पुरी रेघ काढून येईल तेवढं, दर दोन तासांनी पुन्हा. पण ट्यूब महाग आणि आठवड्यात संपणारी. शेतावर राबणाऱ्या घराला ती बारा महिने परवडत नाही. कापड परवडतं. म्हणून मी आधी कापडाचं सांगते: घट्ट विणीचं, गडद, सैल, गळा बंद, बाही लांब, टोपीला सगळीकडून रुंद कड. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा अतिनील निर्देशांक अकराच्या पुढे जातो. त्याचं यंत्र घरात नसलं तरी सावली असते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की पोराला आत घ्यायचं.

आबांच्या दुकानात आता सूनबाई बसते. तयार कपड्यांमुळे शिलाई कमी झाली, फॉल-पिको आणि अल्टरेशनवर चालतं. तिच्या मशीनवर गेल्या महिन्यात जतच्या बाजूच्या एका मुलाचा गणवेश बेतला गेला. बारा वर्षांचा आहे, क्रिकेटचं वेड, पांढऱ्या केसांवर टोपी ठरत नाही. सूनबाईनं कॉलर उंच केली, टोपीला हनुवटीखाली बंद लावला आणि त्याच्या आईला कान कसे चाचपायचे ते शिकवून पाठवलं. परवा रात्री त्या आईचा फोन आला. डाव्या कानाच्या वरच्या कडेला खरखरीत लागतंय, म्हणाली, दिसत काहीच नाही, उगाच दवाखान्यात कशाला जायचं असं घरातले म्हणतात. मी म्हटलं, बोटाला लागतंय ना, मग पुरे. मंगळवारी सकाळची पहिली एसटी धरून ये, त्याला टोपी घालून आण. मी मिरजेच्या स्टँडवर थांबते.